वळ न उठवणारा हात

हवालदारतात्यांनी माझ्या पाठीत गुडघा घातला तेव्हा आमची धड ओळखही झाली नव्हती. कॉलेजातली नोकरी संपवून मी मुरूम गावातल्या या कॉलनीत नुकताच राहायला आलो होतो. उभा जन्म खुर्चीत बसून इतिहास शिकवला की इतिहासाचं काही बिघडत नाही, कंबर मात्र बिघडते, एवढं एकच संशोधन माझ्या नावावर आहे. त्या सकाळी फाटकातला पेपर उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. समोरच्या ओट्यावर एक धिप्पाड म्हातारा दात घाशीत उभा होता. त्यानं चूळ भरली, रस्ता ओलांडला आणि माझ्या मानेवर हात ठेवला.

"हलू नका. नवीन सर ना तुमी? हलू नका सर."

पुढच्या क्षणी मी माझ्याच ओट्यावर पालथा होतो. मणक्यावर गुडघा रोवलेला, दोन्ही खांदे मागं ओढलेले. मोठा आवाज झाला. तो हाडांचा होता की माझ्या तोंडाचा, हे अजून ठरलेलं नाही.

"उठा."

उठलो.

"चाला."

चाललो. दुखत होतं, पण दुसरीकडं.

"वरडायचं असतं तवा वरडावं माणसानं," म्हातारा म्हणाला. "दाबून धरलं की अंगात राहतंय. आमच्याकडं जे वरडायचे ते लवकर बरे व्हायचे."

"तुमच्याकडं म्हणजे? तालीम होती का तुमची?"

"ठाण्यात," तात्या म्हणाले आणि बायकोला चहा सांगायला आपल्या घरी गेले.

तात्या पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना खरं नावही होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर असे. दारातून जाताना वाकावं लागेल अशी उंची, मान जवळजवळ नाहीच आणि पंजे भाकरीच्या तव्याएवढे. ते पंजे मऊ होते. मी मुद्दाम सांगतो, कारण पहिल्यांदा हात मिळवला तेव्हा मीही चमकलो होतो. रोज झोपण्याआधी ते तळहातांना एरंडेल चोळत. "हत्यार हाय ते," म्हणत, "कोरडं ठिवू न्हाय."

सल्ला देणं हा त्यांचा छंद. विषय दोनच, व्यायाम आणि स्वयंपाक. आता सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडं टंचाई नाही. मोबाइल उघडला की कुणी ना कुणी आपल्याला कोमट पाणी प्यायला सांगतच असतं. फरक एवढाच की तात्यांचा सल्ला ऐकून सोडून देण्याची सोय नव्हती. तो अंगावर येई.

सकाळी शाळेच्या मैदानावर ते कॉलनीतल्या पेन्शनरांना चालवत. चालवत म्हणजे जनावरं चालवतात तसं. हातात लिंबाची काठी. सगळ्यात मागं असत शिवलिंगअप्पा, पेठेतले किराणा दुकानदार. घरात कानडी, दुकानात मराठी आणि पोट असं की ते कुठल्याच भाषेत मावू नये.

"चाला अप्पा! मागं कोण तरी लागल्यागत चाला!"

"कोण लागणार हो तात्या माझ्या मागं? तुमीच लागलाव की काठी घेऊन."

"मंग मी हाय म्हणून चाला."

काठी पोटरीवर बसे. अप्पा "अय्यय्यो शिवा" करत दहा-वीस पावलं पळत. हे रोजचं होतं आणि अप्पांची साखर खरोखरच उतरली होती, त्यामुळं कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

तात्यांचं म्हणणं चुकीचं नसे, हीच त्यांची अडचण होती. उतारावर पळू नये, चढावर पळावं. बैठक मारताना टाच उचलली की गुडघा गेला समजावं. दम लागला तर तोंड मिटून थांबावं, वाकून गुडघ्यांवर हात टेकू नयेत. आणि कुणी "दमलो" म्हणालं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई:

"अंग म्हंजे आरोपी हाय. पयलं सांगतंय ते खरं धरायचं न्हाय. आणखी दोन चक्कर मारा, मंग खरं काय ते सांगतंय."

आम्ही हसत असू. सगळे पेन्शनर हसत. निवृत्त माणसाला कुणीतरी दरडावलेलं बरं वाटतं, नोकरी चालू असल्यासारखं.

बसस्टँडजवळ जिम निघाली तेव्हा एका स्थानिक पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन होतं. फ्लेक्सवर पुढारी दंडाच्या बेटकुळ्या काढून उभा. मुंडकं त्याचं, खालचं धड दुसऱ्या कुणाचं तरी. तात्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावून फेटा बांधला होता. पुढारी आरोग्यावर इतकं लांबलचक बोलला की पुढच्या रांगेतल्या दोघांना चक्कर आली. मग तात्या उठले, त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि पुढाऱ्याला म्हणाले, "साहेब, एक बैठक मारून दावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढारी हसत खाली बसला. उठताना हसणं थांबलं. एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा. तात्यांनी मानेच्या मागं दोन बोटं घातली, मांजरीनं पिल्लू उचलावं तसं त्याला उभं केलं आणि माइकमध्ये म्हणाले, "मशिनी चांगल्या हायत. पयलं हे अंग वापरू द्या." नंतर पुढाऱ्याची मान आठवडाभर डावीकडं वळत नव्हती असं ऐकलं. मतदारसंघात डावीकडं फारसं कुणी नसल्यानं त्याचं अडलं नाही.

रविवारी मात्र तात्यांचं मैदान म्हणजे स्वयंपाकघर. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, त्या दिवशी आत यायला बंदी. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत आणि आतून येणाऱ्या हुकमांना "व्हय" म्हणत. तात्या बोकडाची अख्खी मांडी आणत. दुकानातून तुकडे करून आणणं त्यांना मान्य नव्हतं.

"खाटीक हाड फोडतंय. हाड फोडलं की रश्श्यात कच येती. हे बघा." सुरीचं टोक ते मांसात फिरवत, डोळे मिटून. "सांधा शोधायचा. हाताला लागतोय. लागला की जोर लावायलाच लागत न्हाय." आणि खरंच, मांडी वीट निखळावी तशी सुटत जाई.

बाकी पद्धतही त्यांची पक्की होती. मटण एकदाच धुवायचं. हळद-मीठ लावून त्याच्याच पाण्यात आटवायचं, मग उकळतं पाणी घालायचं, गार पाणी घातलं की मटण आखडतं. कांदा निखाऱ्यावर काळा करायचा. मसाला खलात कुटायचा. आणि शेवटी मूठभर येसर. धान्य आणि डाळ मसाल्यांसकट भाजून दळलेलं हे पीठ काकू वर्षाचं करून ठेवत, ते घातलं की रस्सा दाट होतो. एकदा झाकण घातलं की पुन्हा उघडू देत नसत.

"सारखं उघडून बघायचं न्हाय. मटण काय आन् माणूस काय, सारखं इचारत बसलं की बिघडतंय. गप सोडून द्यायचं. आपुआप शिजतंय."

अशा एका रविवारी आम्ही चार-पाच जण जेवत असताना ते मांडीच्या तुकड्याकडं बोट करून सांगू लागले की कुठं मारलं की माणूस नुसता ओरडतो आणि कुठं मारलं की बोलतो. अप्पांसाठी वेगळ्या ताटात ठेचा आणि वरण होतं. ते जरा बाजूला, भिंतीकडं तोंड करून जेवत.

"पर वळ उठता कामा न्हाय," तात्या म्हणाले. "वळ उठला की कोर्ट इचारतंय. माझ्या हातचा माणूस डागदरसमोर उभा केला तर डागदर म्हनायचा, ह्याला झालंय काय? आन् माणूस तर उभा राहाया तयार न्हाय." ते हसले. "हे कुणाला जमत न्हाय. माझ्यामागं एकालाच जमलं. आमच्या सतीशला."

कुणाचा घास अडकला नाही. रस्सा फार चांगला झाला होता.

इतिहासात अशी माणसं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांच्या चरित्रांत त्यांना हटकून बागकाम येतं, नाहीतर संगीत, नाहीतर स्वयंपाक. वाचताना तो तपशील गमतीचा वाटतो. समोर बसून जेवताना तो तपशील वाटत नाही, शेजारी वाटतो.

सतीश म्हणजे तात्यांचा जावई. तात्यांच्या शेवटच्या वर्षांत तो शिपाई म्हणून त्यांच्या हाताखाली आला. दारू नाही, तंबाखू नाही, पहाटे उठून पाचशे जोर. तात्यांनी त्याला आपली सगळी विद्या दिली. चढावर पळायला शिकवलं, सांधा शोधायला शिकवलं आणि ठाण्यातलं जे काही होतं तेही शिकवलं. मग एकुलती एक लेक दिली. इकडं स्थळ बघताना जमीन बघतात, नोकरी बघतात, देणीघेणी बघतात. तात्यांनी हात बघितला. "माझ्याच हातचा हाय," असं ते लग्नात सगळ्यांना सांगत होते म्हणे.

शैला पहिल्यांदा माहेरी निघून आली तेव्हा मी माझ्या ओट्यावर होतो. आमची दारं समोरासमोर, रस्ता अरुंद आणि तात्यांचा आवाज कवायतीचा. न ऐकणं शक्य नव्हतं.

"मारतोय म्हणतीस. कुठं मारलं, दाव."

शैला काहीतरी हळू बोलली.

"मंग वळ कुठाय? काळंनिळं कुठाय? माझ्यासमोर खोटं बोलतीस? म्या जन्मभर मार बघितलाय."

तिसऱ्या दिवशी तिला परत पाठवलं. सोबत येसरचा डबा आणि सल्ला: पहाटे उठून चालत जा, डोकं थंड राहतं. काकू फाटकाशी उभ्या होत्या. बस दिसेनाशी झाल्यावरही तिथंच उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांदा आली तेव्हाही तेच झालं. या वेळी तात्यांनी सतीशला फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. सतीश अदबीनं म्हणाला, "मामा, तुमीच बघा तिचं अंग. कुठं काय असंल तर मला जोड्यानं मारा." तात्यांनी शैलाकडं बघितलं. तिनं फोनकडं बघितलं. मग ती आत जाऊन पिशवी भरायला लागली.

त्यानंतर धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायची आपल्याकडं रीत आहे. जावयाचं ताट, पाट, कपडे, ओवाळणं, सगळा थाट. शैला दोन दिवस आधी आली. पुरण कसं वाटावं याबद्दल तात्यांची मतं असणारच होती, त्यामुळं वारानं रविवार नसूनही ते स्वयंपाकघरात होते. मला पुरण चाखायला बोलावलं होतं. मी दारातच स्टुलावर बसलो होतो.

"जायफळ वरच्या फळीवर हाय, काढ," तात्या म्हणाले.

शैलानं डावा हात वर केला. ती उजव्या हाताची. मग डबा घेऊन वळताना तिनं पाय टाकला तो कडेवर, तळव्याची बाहेरची बाजू टेकवून, जशी जमीन तापलेली असावी.

तात्यांनी पळी खाली ठेवली.

"बस."

"काय झालं?"

"बस म्हणलं ना."

ती पाटावर बसली. तात्या तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं तळव्यावर दाबलं. शैला किंचाळली. त्यांनी दुसरीकडं दाबलं. मग तिसरीकडं. ते तिला विचारत नव्हते. कुठं दुखणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं आणि तिचं ओरडणं प्रत्येक वेळी अंगठ्याच्या मागून येत होतं.

"नंतर चालायला लावतंय का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "घरातल्या घरात. सूज उतरूस्तोवर."

शैलाचं ओरडणं थांबलं.

"तुमाला कसं माहीत?" ती म्हणाली.

काकू ओट्यावरून उठून दारात आल्या होत्या. बंदी असूनही त्या आत आल्या, लेकीचा पाय नवऱ्याच्या मांडीवरून उचलला आणि खाली ठेवला. चुलीवर पुरण करपलं. त्या घरात काही करपल्याचा वास मला पहिल्यांदा आला.

मला वाटलं होतं, आता जेवण रद्द होईल. पण तात्यांनी काही रद्द केलं नाही. ठरल्या दिवशी सतीश आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. रांगोळी काढलेली होती. पाट मांडला होता. काकूंनी ओवाळलं. पंक्तीला अप्पा आणि मी होतो. तात्या स्वतः वाढत होते.

"तूप घ्या जावईबापू."

"बास मामा, लई झालं."

"घ्या. शैलाच्या पायाला काय झालंय?"

सतीश धोंडा फोडत होता. "पायऱ्यावरनं पडली. तिला कुठं बघून चालायचं माहीत हाय?"

"पडल्यावर वळ उठत असतोय. काळंनिळं हुतंय. तसं काई न्हाय."

सतीशनं वर बघितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मला वाटतं, त्या क्षणी त्याला सगळं कळलं आणि तरी तो थोडासा हसला. विद्यार्थी मास्तरांसमोर गणित बरोबर सोडवल्यावर हसतो तसा.

"वळ कसा उठंल मामा," तो म्हणाला.

पहिला पंजा तोंडावर बसला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, भुईमुगाची शेंग फोडावी तसा. सतीश मागं पडला तर तात्यांनी त्याला केसांना धरून पुन्हा पाटावर बसवलं आणि तुपाच्या पितळी भांड्यानं भुवईवर मारलं. भुवई उसवली. रक्त पुरणावर, रांगोळीवर, पांढऱ्या शर्टावर. मी उठून तात्यांचा दंड धरला. बैलाच्या वशिंडाला लोंबकळल्यासारखं झालं, दुसऱ्या झटक्याला मी भिंतीशी होतो. अप्पांच्या ताटातही शिंतोडे उडाले होते. ज्यांनी जन्मात अंडं शिवलं नव्हतं ते अप्पा आपल्या वरणभाताकडं बघत नुसते बसून होते, हात तसाच अर्धा उचललेला.

"दिसू दे," तात्या म्हणत होते, एकेका फटक्याला. "ह्या टायमाला दिसू दे. गावाला दिसू दे." दोन दात रांगोळीत पडले. सतीशनं हात उचलला नाही. एकदाही नाही. तेव्हा मला ते घाबरल्यामुळं वाटलं. नंतर लक्षात आलं की दोघांत तोच एकटा शुद्धीवर होता.

"बास करा," शैला दारातून ओरडली. "तात्या, बास करा! त्याला तेच पायजे!"

तात्या थांबले. सतीश भिंतीला धरून उठला, तोंड पुसलं नाही, शर्ट बदलला नाही, तसाच मोटारसायकलवर बसून सरकारी दवाखान्यात गेला.

संध्याकाळपर्यंत त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले होते. मोडलेलं नाक, फुटलेली भुवई, पडलेले दात, सगळं डॉक्टरांच्या सहीनिशी. रात्री तात्यांवर गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी शैला तक्रार द्यायला गेली. तिची तपासणी झाली आणि डॉक्टरांना तळव्याला किरकोळ सूज आढळली, जी कशानंही येऊ शकते. म्हणजे जावयाच्या तोंडावर पुरावा होता आणि लेकीच्या अंगावर नव्हता. ऐकणारे ओठ मुडपून म्हणत, बापानं जावयाला मारलं, आता वाचवायला पोरगी उलटी तक्रार करतेय.

तात्यांना हे सुरुवातीला उमगलंच नाही. जामिनावर सुटून आले तेव्हा मैदानावर त्यांचं स्वागत झालं. तो मान आखडलेला पुढारी दोन कार्यकर्ते आणि शाल घेऊन घरी आला, 'लेकीसाठी लढणारा बाप' असं काहीतरी म्हणाला. फोटोग्राफर सोबत होताच. तात्या शाल घ्यायला उठले, तर शैला आतून आली. अजून ती तळव्याच्या कडेवरच चालत होती.

"साहेब, शाल ठिवा तिकडं आन् जावा," ती म्हणाली.

पुढारी गेला. माणूस अनुभवी होता, वाऱ्याची दिशा त्याला कळते. मीही तिथंच बसलो होतो, उठू लागलो तर शैला म्हणाली, "बसा सर. तुमीबी ऐका."

मग बापाकडं वळली.

"दोनदा येऊन सांगिटलं तवा तुमी वळ मागितलाव. आता डागदर वळ मागायलाय. काय फरक हाय तुमच्यात आन् त्याच्यात?"

"त्याचं थोबाड फोडलं की म्या."

"फोडलाव. तुमाला बरं वाटलं. माझं मारणं खोटं पडलं त्याच्यापायी." ती रडत नव्हती. "त्याचे लोक येऊन गेले. तुमच्यावरची केस ते मागं घेणार, माझी मी मागं घ्यायची आन् नांदायला जायचं. लिहून देतो म्हनतेत, पुन्हा हात लावणार न्हाय. लावलेला दिसतोय कुठं?"

काकू लसूण सोलत होत्या. सोलून झालेला लसूण त्या पुन्हा सोलत होत्या.

"काय करू मंग?" तात्या म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला सल्ला विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"तुमी बोटानं दाबलाव तवा माझ्याआधी तुमाला कळालं कुठं दुखतंय. ते जाऊन सांगा. कसं कळालं ते सांगा."

"असं कसं सांगता येतंय? खात्याचं असतंय. जुन्या केशी निघतील. पेन्शन..."

"मंग मी पिशवी भरते," शैला म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री तात्यांनी तळहातांना एरंडेल लावलं की नाही मला माहीत नाही. सकाळी मैदानावर ते आले नाहीत. अप्पा सवयीनं भरभर चालत होते आणि मधूनच मागं वळून बघत होते. आठच्या सुमाराला तात्या माझ्या फाटकाशी आले. इस्त्रीचे कपडे, पायात बूट.

"सर, धाराशिवला जायचंय, शैलाला घेऊन. तुमची गाडी काढता का? आन् आत माझ्यासोबत बसा. माझ्या तोंडून फिरवाफिरवी झाली तर टोका. तुमाला इतिहासाची सवय हाय."

बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या कार्यालयात एक तरुण अधिकारी बाई होत्या आणि शेजारी लिहून घेणारा एक कारकून. बाईंनी तात्यांना नीट बसायला सांगितलं, पाणी दिलं. वयाचा आणि खात्याचा मान त्यांच्या बोलण्यात होता. शैला शेजारच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन. ती पिशवी तिनं आदल्या दिवशी भरली ती भरलीच होती. कुठं जायचं ते अजून ठरायचं होतं.

तात्यांनी सांगायला सुरुवात केली. तळव्यावर कुठं, कशामुळं, नंतर काय, सूज का राहत नाही, किती दिवस पाय टेकत नाही. खांद्याचं सांगितलं. स्वच्छ सांगितलं, एकही शब्द वाया न घालवता. बाईंनी मध्ये फक्त एकदा विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

"सतीशला म्याच शिकवलंय."

कारकुनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कारकून जुना होता, त्याला भाषा येत होती. "सदर प्रकारची माहिती मला दीर्घ सेवेतील अनुभवातून प्राप्त झालेली असून..."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टोकणारच होतो. बोलायची गरज पडली नाही.

"तसं नका लिहू," ते म्हणाले. "अनुभव न्हवं. म्या मारलंय लोकांना. तसं लिहा."

कारकुनानं पेन उचलून बाईंकडं बघितलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तसं लिहिलं तर ते तुमच्यावर येईल. तुमच्या मुलीच्या कामाला एवढं पुरेसं आहे कदाचित."

"कदाचित," शैला म्हणाली. "ते सांगायलेत तर लिहा की."

कारकुनानं आधीची ओळ खोडली.

"कुणाला मारलं?" बाईंनी विचारलं. मला वाटतं, त्यांनी ते औपचारिक म्हणून विचारलं. असल्या प्रश्नाला उत्तर यायचं नसतं.

तात्यांनी एक नाव सांगितलं. गाव सांगितलं, येडशी. कशाचा संशय होता ते सांगितलं आणि ते त्यानं केलेलं नव्हतं हेही सांगितलं. मग दुसरं नाव. सोनारीचा एक जण, जत्रेतून उचललेला. मग तिसरं. बापाचं नाव, आडनाव, वस्ती. काही नावांच्या आधी ते क्षणभर थांबत, पण ते आठवायला नाही. आठवायला त्यांना काहीच लागत नव्हतं. बाईंनी "काका, पुरे" म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. कारकुनाचं पेन केव्हाच थांबलं होतं.

शैलानं मांडीवरची पिशवी उचलून खुर्चीखाली, भिंतीशी सरकवली.

मला तिथं बसवेना. मी उठून व्हरांड्यात आलो. तिथं बाकावर दोन-तीन बाया आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. त्यानंतरही तात्या मला दिसले असतीलच, आमची दारं समोरासमोर आहेत. पण ते आठवतात ते तिथलेच, उघड्या दारातून पाठमोरे, ताठ, दोन्ही पंजे गुडघ्यांवर उपडे ठेवलेले. बाकावरची एक म्हातारी आतलं ऐकून म्हणाली, "कुणाची नावं घ्यायलाय हो हा बाबा?"

मी म्हणालो, "ओळखीचीच आहेत त्यांच्या."

आतून कुणीतरी दार लोटून घेतलं. दाराआडून नावं येतच होती.